रक्ताची सैल मूठ

रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनचा आकडा असतो. तो तेरा आला की आपण निवांत, नऊ आला की घरात बीट आणि खजूर येतात. हिमोग्लोबिन किती आहे ते या आकड्यावरून कळतं. ते ऑक्सिजन किती घट्ट धरतं, याबद्दल मात्र रिपोर्टमध्ये अवाक्षर नसतं. आणि सगळी गंमत तर तिथेच आहे!

बघा ना, हिमोग्लोबिनला दोन उलटसुलट कामं करायची असतात. फुप्फुसात ऑक्सिजन पकडायचा आणि स्नायूंपाशी तोच सोडायचा. मूठ फार सैल, तर फुप्फुसातच हाती काही लागणार नाही. फार घट्ट, तर भरल्या मुठीने सगळं शरीर फिरून ते तसंच परत येणार आणि स्नायू उपाशी राहणार. मग मूठ घट्ट ठेवायची तरी किती?

प्रत्येक प्राण्याचं उत्तर वेगळं आहे. ते मोजायची रीत सोपी: ऑक्सिजनचा दाब किती असताना निम्मं हिमोग्लोबिन भरलेलं असतं? माणसाच्या रक्तात हा दाब साधारण 27 मिलिमीटर पारा भरतो. हत्तीत त्याहून कमी, उंदरात बराच जास्त. आकडा जितका मोठा, तितकी मूठ सैल. उंदराला ती सैलच हवी. एवढासा जीव, अंगातली ऊब भराभर निघून जाते, त्यामुळे त्याच्या शरीराचा प्रत्येक ग्रॅम हत्तीच्या ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन फस्त करतो. मूठ सैल असली की दाब अजून बराच असतानाच ऑक्सिजन सुटतो आणि पेशींत जोराने शिरतो.

ही मूठ सैल करतो कोण? 1967 मध्ये रुथ आणि राइनहोल्ड बेनेश या दांपत्याने त्यातला एक कारभारी उजेडात आणला. बीपीजी नावाचा हा लहानसा रेणू तांबड्या पेशीतच असतो. हिमोग्लोबिनच्या दोन बीटा साखळ्यांमधल्या पोकळीत तो जाऊन बसतो आणि ऑक्सिजनवरची पकड ढिली होते. तो काढून टाकला, तर आपलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायला जाम तयार होत नाही.

आता पोटातल्या बाळाचा विचार करा. वारेमध्ये आईचं रक्त आणि बाळाचं रक्त शेजारून वाहतं, मिसळत नाही. मग ऑक्सिजन आईकडून बाळाकडे जातो कसा? बाळाची मूठ जास्त घट्ट असते म्हणून. बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. तिच्यात 143व्या जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असतं, त्यामुळे बीपीजीला तिथे नीट बसताच येत नाही. शेळीचा मार्ग निराळा. तिचं हिमोग्लोबिन बीपीजीला फारशी दाद देतच नाही, ते मुळातच सैल असतं. गर्भाला मात्र मुळातच घट्ट असलेलं, वेगळं हिमोग्लोबिन मिळतं. डुकराचा आणखी तिसरा! पिल्लाचं हिमोग्लोबिन आईसारखंच, फक्त त्याच्या पेशींत बीपीजी अगदी थोडं. अडचण एकच, सस्तन प्राण्यांनी ती तीन तऱ्हांनी सोडवली.

याच्या बरोबर उलटं घडलंय लामा आणि हत्तीच्या बाबतीत. लामा अँडीजच्या उंच पठारावरचा, तिथली हवा विरळ, म्हणजे घट्ट मूठ हवीच. त्याच्या बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी दुसऱ्याच जागी हिस्टिडीनऐवजी अस्पॅराजीन आलं आहे. तेवढ्याने बीपीजीची पकड कमी झाली. आशियाई हत्तीच्या बीटा साखळीचा क्रम लावला, तर काय निघावं? दुसरी जागा, तेच अस्पॅराजीन! दोघांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. हत्ती काही डोंगरमाथ्यावर राहत नाही. पण अवाढव्य शरीर संथ चालतं, ऑक्सिजन जपून वापरतं, त्याला घट्ट मूठ परवडते. डोंगरावरच्या लामापेक्षा मला हत्तीचंच जास्त नवल वाटतं.

त्याच्या लुप्त झालेल्या भाऊबंदाची कथा तर याच्याही वरताण. मॅमथचे पूर्वज आफ्रिकेतले, उष्ण हवेतले. पुढे ते थेट सायबेरियाच्या बर्फात गेले. तिथे अडचण अशी की ऑक्सिजन सुटायला उष्णता लागते. पाय गारठले की तिथलं हिमोग्लोबिन मूठ उघडतच नाही. 2010 मध्ये केविन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे 43,000 वर्षांपूर्वीच्या सायबेरियन मॅमथच्या डीएनएमधून हिमोग्लोबिनचे जनुक वाचले आणि ई. कोलाय या जिवाणूंकडून ते हिमोग्लोबिन प्रत्यक्ष बनवून घेतलं. नामशेष प्राण्याचं रक्तातलं प्रथिन, प्रयोगशाळेत, काम करणारं! आशियाई हत्तीच्या तुलनेत बीटासारख्या साखळीत फक्त तीन बदल निघाले. पण त्या तिघांमुळे थंडीचा परिणाम इतका कमी झाला होता, की गारठलेल्या पायांतही ते ऑक्सिजन सोडू शकलं असतं. म्हणजे पाय ऊबदार ठेवण्यासाठी अंगातली उष्णता उधळायची मॅमथला गरज नव्हती. पाय खुशाल गार पडू द्यायचे.