जयगडचा धूर, घाटापलीकडची मळी

लावणी उरकली की देवरूखच्या पंचक्रोशीत युरियाच्या गोणी फुटू लागतात. ४५ किलोच्या एका गोणीत ३३ किलो कार्बन डायऑक्साइड कामी आलेला असतो. थळच्या आरसीएफसारख्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना तो बाहेर पडतो आणि पुन्हा अमोनियाशीच जोडला जाऊन युरिया तयार होतो. तेव्हा या वायूपासून उपयोगी माल करणं ही नवलाई नाही, शंभर वर्षांची विद्या आहे. फक्त तिथला वायू येतो जमिनीखालच्या इंधनातून, आणि युरिया शेतात विरघळला की हवेत जातो.

आज चर्चा आहे ती वेगळ्या वाटेची. सूर्य, वारा किंवा धरणाच्या विजेवर पाण्यातला हायड्रोजन सुटा करायचा, तो कार्बन डायऑक्साइडशी जोडायचा आणि मिथेनॉल मिळवायचं. यातला पहिला भाग शाळेत अनेकांनी पाहिलेला असतो. आम्लाचे थेंब घातलेल्या पाण्यात बॅटरीच्या तारा सोडल्या की दोन्ही नळ्यांत बुडबुडे चढतात. ऋणाग्राकडच्या नळीत दुप्पट वायू साठतो, तो हायड्रोजन. दुसरा भाग कारखान्याचा. तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिनाच्या गोळ्यांनी भरलेल्या नळ्यांतून दोन्ही वायू अडीचशे अंशांच्या आसपास, हवेच्या ५० ते १०० पट दाबाने सोडतात. बाहेर येतं मिथेनॉल आणि पाणी. मिथेनॉलवर जहाज चालतं, त्याच्यापासून फॉर्माल्डिहाइड होतं, आणि प्लायवूड चिकटवणारं रेझिनही त्यातूनच.

मध्य प्रदेशातल्या विंध्याचल औष्णिक केंद्रात एनटीपीसीने हे करून दाखवलं आहे: रोज २० टन वायू पकडायचा आणि १० टन मिथेनॉल करायचं, एवढी क्षमता. आयआयटी मुंबईतही कार्बन पकडून वापरण्याच्या संशोधनासाठी २०२२मध्ये राष्ट्रीय केंद्र मंजूर झालं.

मग आपल्याकडे का नको? जयगडला कोळशावरचं १२०० मेगावॅटचं केंद्र, पोफळी-अलोऱ्याला कोयनेची वीज, दोन्ही देवरूखच्याच जिल्ह्यात. विचार मोहात पाडणारा आहे, म्हणून हिशेब नीट मांडू.

एक टन मिथेनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. किलोभर हायड्रोजनला पन्नास-पंचावन्न युनिट वीज जाते, म्हणजे टनामागे जवळपास १०,००० युनिट. कोळशाची वीज युनिटमागे साधारण ०.९ किलो वायू सोडते. जयगड दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं तर २६,००० टनांच्या आसपास. त्या सगळ्याचं मिथेनॉल करायचं तर रोज १८-१९ कोटी युनिट हवेत, आणि जयगड स्वतः तयार करणार २.९ कोटी. सहा पटींहून जास्त! कोयनेचा अख्खा १९६० मेगावॅटचा प्रकल्प चोवीस तास चालवला (तेवढं पाणी त्याच्या वाट्याला नाही), तरी चौथा हिस्सा जेमतेम भागेल. एवढं करून मिथेनॉलमध्ये उरते त्या विजेतली निम्मी ऊर्जा. इतकी स्वच्छ वीज ज्याच्या हाती असेल त्याने ती सरळ तारांत सोडावी आणि तेवढा कोळसा जाळणं थांबवावं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण भर समुद्रातल्या जहाजापर्यंत तार नेता येत नाही, आणि रेझिन विजेपासून होत नाही. तिथे ही विद्या हवीच. मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज, 'लॉरा मर्स्क', २०२३मध्ये पाण्यात उतरलं. २०२५मध्ये डेन्मार्कमधल्या कासो इथे वर्षाला ४२,००० टन मिथेनॉलचा कारखाना सुरू झाला. त्याला लागणारा कार्बन डायऑक्साइड जैववायू प्रकल्पातून येतो, कोळशाच्या धुराड्यातून नव्हे, आणि मला त्यातली खरी शिकवण हीच वाटते.

तसला वायू आपल्याला आंबा घाट चढला की मिळतो. साखरपा, घाट, मलकापूर, आणि पुढे कोल्हापूर-सांगलीचा ऊसपट्टा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा टाकीत फेस खदखदतो. त्या फेसातून सुटतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड, इथेनॉलच्या वजनाइतकाच. कोळशाच्या धुरात तो बारा-चौदा टक्केच असतो, म्हणून रसायनात शोषून, पुन्हा तापवून वेगळा काढावा लागतो. इथे तो खर्च नाही. शिवाय हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला. काही ठिकाणी तो शीतपेयांसाठी नाहीतर कोरड्या बर्फासाठी विकला जातो; जिथे गिऱ्हाईक नाही तिथे हवेत सोडून देतात.

दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल काढणारी डिस्टिलरी धरा. पंचाहत्तर टन वायू, त्यातून पंचावन्न टनांच्या आत-बाहेर मिथेनॉल. त्यासाठी चोवीस तास २३ मेगावॅट वीज हवी, म्हणजे शंभर-सव्वाशे मेगावॅटचे सौर पॅनेल आणि रात्रीसाठी हायड्रोजनची साठवण. स्वस्त नाही, पण आवाक्यातलं आहे, आणि जतच्या माळावर ऊन भरपूर आहे. महाराष्ट्रातला असा पहिला कारखाना मागायचा तर तो डिस्टिलरीच्या कुंपणाला लागून मागावा. तयार मिथेनॉल जयगड बंदरातल्या जहाजांपर्यंत आणायला आंबा घाटाचा रस्ता आहेच.