दोनशे दिवसांची मजुरी आणि पाच भाकरी

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात येते. शाळा किती शिकवते हा वाद बाजूला ठेवला, तरी ती मुलाला बसवते. घंटा होते, हजेरी होते, शेजारच्याची वही भरत आलेली दिसते, आणि नकळत आपलाही हात चालू लागतो. घरी यातलं काहीच नसतं. समोर आई असते. तिचं एक लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं, आणि मूल पेन्सिलीला टोक काढत बसलेलं असतं. काढतच बसतं.

वडूजसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत, एखाद्या आईबापाने असं ठरवलं तर सगळ्यात आधी त्यांनी या पेन्सिलीचाच विचार करावा. अभ्यासक्रम मिळतो, पुस्तकंही मिळतात. शाळेने उसना दिलेला रेटा मात्र गेलेला असतो, आणि त्याच्या जागी काय आणायचं हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं. बहुतेक घरं घाईघाईने दोनपैकी एक गोष्ट आणतात, धाक नाहीतर चॉकलेट. ख्रिस्ती घरात धाकाला देवाचं नाव जोडायची सोय असते, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाने बापांना बजावलंय की मुलांना चिडीला आणू नका, त्यांचं मन खचेल. मुलांनी आज्ञा पाळावी हे त्याच्या आधीचं वचन घरोघरी पाठ असतं, हे पुढचं मात्र क्वचितच कोणी म्हणून दाखवतं.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी त्यातल्या ‘सक्ती’चा मुख्य भार सरकारवर आहे. मात्र कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. ते न केल्यास पालकाला शिक्षा अशी तरतूद कायद्यात नाही. घरशाळा नावाची गोष्ट त्यात मान्यही केलेली नाही आणि नाव घेऊन मनाईही केलेली नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांची यादी करायला गुरुजी दारात आले तर दार लावून घेऊ नये. वह्या दाखवाव्यात, काय चाललंय ते सांगावं. आणखी एक कलम लक्षात ठेवण्याजोगं आहे, चौथं. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्याने दिलाय. म्हणजे घरी नाहीच जमलं तर परतीची वाट उघडी आहे. हे माहीत असलेली आई जरा कमी ओरडते.

आता प्रत्यक्ष शिकवणं. महाराष्ट्रात घरी शिकून मोठं झालेलं नाव शोधायला फार लांब जावं लागत नाही. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी लहानपणी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला. रमाबाईंनी पुढे सांगितलेली आठवण अशी की घरच्या कामात आईला दिवसा उसंत नसायची, म्हणून पहाटे, पाखरं जागी होण्याच्या वेळी, ती पेंगुळलेल्या मुलीला लाडाने उठवून जवळ घ्यायची आणि धडा म्हणून घ्यायची. पुस्तक हातात नसायचं, आई म्हणायची आणि मुलगी मागून म्हणायची. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात, म्हणजे हे शिक्षण ख्रिस्ती नव्हतं. पण पुढे त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला बालवाडीचं शिक्षण मुद्दाम घेतलं आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा लहान मूल कसं शिकतं याचा पहिला धडा त्यांच्याकडे आईकडूनच आलेला होता.

त्या पहाटेतून आजच्या आईने उचलण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. वेळ थोडा होता, पण ठरलेला होता. आणि त्या वेळात आई सगळी मुलीची होती. घरशाळेला सहा तास लागत नाहीत. चाळीस मुलांची हजेरी, शिस्त, वह्या तपासणं आणि वाट पाहणं वजा केलं तर आठ वर्षांच्या मुलाला सकाळचे दोन-अडीच तास पुष्कळ होतात. त्यातही एका विषयाला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त नको. हे इंग्लंडातल्या शार्लट मेसन बाईंचं म्हणणं. त्यांचं ‘होम एज्युकेशन’ १८८६ चं. आजही जगभरातली अनेक ख्रिस्ती घरं त्यांच्या वाटेने चालतात. छोटा धडा आणि पूर्ण लक्ष, असा त्यांचा आग्रह. वीस मिनिटं झाली की पान अर्धं राहिलं तरी पुस्तक मिटायचं. सुरुवातीला हे आईलाच जड जातं. पण धडा संपतो हे कळलं की मूल त्यात लक्ष घालायला तयार होतं. न संपणाऱ्या धड्यापुढे ते पेन्सिलीलाच टोक काढत बसणार.

मेसनबाईंची दुसरी युक्ती याहून मोलाची आहे. उतारा एकदाच वाचायचा, आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. एकदाच, कारण पुन्हा वाचून मिळणार आहे हे कळलं की पहिल्यांदा कोणी ऐकत नाही. प्रश्नोत्तरांत मूल आपल्याला हवं तेवढंच देतं. स्वतः सांगताना त्याला सगळं क्रमाने लावावं लागतं, काय महत्त्वाचं ते ठरवावं लागतं, आणि कुठे कळलेलं नाही ते आपोआप उघडं पडतं.

एक धडा पुरा करून पाहू. योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, येशूने पाच हजारांना पुरवलेल्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. आईने वाचलं, नऊ वर्षांच्या मुलाने सांगितलं. सांगताना तो शिष्य फिलिप्पाचं बोलणं गाळतो. बहुतेक मुलं गाळतात, चमत्काराकडे पळायची घाई असते. तो थांबला की मग आईने विचारावं, फिलिप्प काय म्हणाला होता? दोनशे दीनारांच्या भाकरी आणल्या तरी एकेकाला थोडं थोडंसुद्धा पुरायचं नाही. दीनार म्हणजे किती? ते मत्तयाच्या विसाव्या अध्यायात सापडतं. द्राक्षमळ्यातल्या मजुराची एका दिवसाची मजुरी. झालं, आता वही घ्या. आपल्याकडे खुरपणीला रोज किती देतात ते मुलालाच बाहेर जाऊन विचारून येऊ द्यावं. हिशेबापुरते ४०० रुपये धरू. दोनशे दिवसांचे ८०,००० रुपये. माणसं ५,०००. भागाकार येतो १६. एकेकाच्या वाट्याला सोळा रुपये. वडूजच्या एसटी स्टँडवर सोळा रुपयांत वडापाव मिळतो का, हा प्रश्न मुलाला समजावून द्यावा लागत नाही. फिलिप्प कंजूष नव्हता, त्याने तोंडी हिशेब केला होता आणि तो बरोबर होता, हे त्याला तिथेच कळतं.

एवढ्यावर मूल थांबलं तर ठीक. पण पाच हजार हे नुसते पुरुष, असं आईने सांगितलं, किंवा मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात त्याने स्वतः वाचलं, की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बायका-पोरं धरून किती असतील? दुप्पट? तिप्पट? मग सोळाचे आठ होतात, पाच होतात. इथे अंदाज आला, भागाकार आला, मोजणाऱ्यांनी कोणाला मोजलं नाही हाही विषय आला, आणि मुलाला अजून वाटतंय की आपण गोष्टच ऐकतोय. दुसऱ्या दिवशी, त्या भाकरी जवाच्या होत्या, हे काढावं. जव म्हणजे गरिबाचं धान्य. जसं आपल्याकडे जोंधळा, बाजरी. मग भूगोल.

पेरणाऱ्याचा दाखला वडूजच्या खटाव तालुक्यात तर वहीतून शिकवूच नये. शाळू काढणीला आला की एक कणीस आणि एक गव्हाची ओंबी घरी आणून दाणे मोजायला बसवावं. तीसपट, साठपट, शंभरपट असं मार्काने लिहिलंय. ओंबी त्या आकड्यांच्या आसपास घोटाळते, आणि शाळूचं कणीस शंभराला केव्हाच मागे टाकतं. पाखरांनी खाल्लेलं बी पाहायला येरळवाडीच्या तलावापर्यंत जायची गरज नाही. पण हिवाळ्यात पाखरं पाहायला तिथे किंवा मायणीच्या तलावावर एक फेरी काढली तर निसर्गाची वही आठवडाभर पुरेल एवढी भरते.

गणित आणि भाषा मात्र बायबलवर सोडून चालत नाही. तिथे पायरीपायरीने जावं लागतं, आणि त्यासाठी बालभारतीची पुस्तकं उत्तम आहेत. स्वस्त आहेत, संकेतस्थळावरून फुकटही मिळतात, आणि परत शाळेत जायची वेळ आली तर मूल परकं पडत नाही. परदेशी ख्रिस्ती अभ्यासक्रमांचे महागडे संच काही घरं मागवतात. त्यातलं गणित चांगलं असतं, पण पाच सेंटचं नाणं आणि बर्फातली घसरगाडी आधी समजावून सांगण्यात निम्मी सकाळ जाते. माझं मत विचाराल तर त्या पैशांत मराठी गोष्टींची पुस्तकं घ्यावीत.

आता बक्षिसाचं. वचन पाठ केलं की चॉकलेट, हा प्रकार शब्बाथ शाळेतून घरात येतो आणि आठवड्यातून एकदा तो खपूनही जातो. रोज केला की मूल भाव करू लागतं. लांब वचनाला दोन द्या म्हणतं, आणि ते त्याच्या जागी बरोबरच असतं, व्यवहार आपणच सुरू केलेला असतो. याच्या उलटं टोक म्हणजे खोटं बोलला म्हणून नीतिसूत्रांतलं वचन पन्नास वेळा लिहायला लावणं. हे करूच नये. पुढची कितीतरी वर्षं ते वचन दिसलं की त्याचा हात दुखेल. शिक्षा करायचीच तर अंगण झाडायला लावा. पवित्र शास्त्र त्यातून मोकळं ठेवा.

मग रेटा कशाचा? ऐकणाऱ्याचा, आणि कामाचा. डोळ्यांना कमी दिसणारी आजी असेल तर रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेतलं वाचन नातवाकडे द्यावं. तिला खरोखर ऐकायचं असतं, अडखळला तर ती ‘काय म्हणालास बाळा?’ विचारते, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारीच अध्याय काढून जोडाक्षरं चाचपून ठेवतो. बाजाराची यादी मुलीने लिहावी, हिशेबही तिनेच आणून द्यावा. मंडळीतल्या आजारी माणसाला पत्र लिहावं आणि ते खरंच पोस्टात टाकावं. सरावासाठी लिहिलेलं पत्र आणि टाकायचं पत्र यांतलं अक्षर शेजारी ठेवून पाहा.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण इथे बोलकं आहे. लग्नानंतर नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, त्यांना घरी अक्षरओळख करून दिली. टिळक मोठे कवी, पण स्वभाव तापट, आणि घरच्या शिकवण्या त्या तापात वरचेवर मोडायच्या. टिळकांचा अखेरचा काळ साताऱ्यात गेला आणि १९१९ मध्ये ते वारले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात आलं. मास्तर रागावून उठून गेला तरी त्यांचं शिकणं थांबलं नाही, कारण त्यांच्यापुढे करायला काहीतरी खरं काम होतं.

मूल सरळ ‘आज नको’ म्हणालं तर? आधी पोट आणि झोप पाहावी. मग निवड द्यावी, पण करायचं की नाही याची नव्हे, आधी गणित की आधी वाचन याची. तरीही हटून बसलं तर आईने तेच काम स्वतः करायला घ्यावं, मोठ्याने, मुद्दाम एक चूक करत. चूक काढायला मुलं धावत येतात. आणि एखादा दिवस सोडूनच द्यावा. बापाने या सगळ्यात नुसता संध्याकाळचा परीक्षक होऊ नये. दिवसभर आईने शिकवायचं आणि सहाला येऊन त्याने ‘दाखव काय केलंस’ म्हणायचं, हे पौलाने बापांनाच का लिहिलं त्याचं उत्तर आहे. त्याने एक विषय पूर्ण आपल्याकडे घ्यावा.

सोबतीची काळजी रास्त आहे. ख्रिस्ती मुलांपुरतीच सोबत ठेवली तर वडुजात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सवंगडी मिळतील. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांत खेळायला सोडावं, त्यांच्या दिवाळीचा किल्ला बांधू द्यावा, नाताळात त्यांना करंज्या खायला बोलवावं. ९ सप्टेंबरला गावात १९४२ च्या हुतात्म्यांना मानवंदना होते, तिथेही घरशाळेचं मूल असलंच पाहिजे. परशुराम घार्गे तिरंगा घेऊन कचेरीवर का चालून गेले, हा इतिहास त्याला जिथे घडला तिथेच उभं राहून शिकता येतो. हे भाग्य पुण्या-मुंबईच्या घरशाळेला नाही.

राहिली परीक्षा. दहावीला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून कधीकाळी शाळेत नाव असेल तर तो कागद जपून ठेवावा. शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी सोयीची. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, त्यांत निदान एक भाषा. माध्यम मराठी घेता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. त्यामुळे यंदा गणित आणि मराठी, पुढच्या खेपेला विज्ञान, असे विषय सुटे सुटे सोडवता येतात. २० टक्के गुण घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना असतात. केंद्र जवळचं मिळेल असं धरून चालू नये, नोंदणीच्या वेळीच सातारा-कराडकडची यादी पाहून ठेवावी, आणि पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी मुलाला ती इमारत आणि तिथला बाक दाखवून आणावा. तीन तास एका जागी बसून लिहायची सवय घरात लागलेली नसते, म्हणून तेराव्या वर्षापासून महिन्यातून एकदा घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी.