हेडला फेसिंग मारलं म्हणजे हेड वाचलं?

‘काळजी करू नका साहेब, हेडला फेसिंग मारून घेऊ, नव्यासारखं होईल.’ घाटात तापलेली गाडी ओढत गॅरेजपर्यंत आणली आणि हेड गॅस्केट जळाल्याचं निदान झालं, की पुढचं वाक्य हेच. मालकाला ते पटतं, कारण नव्या हेडचा आकडा ऐकून त्याला आधीच घाम फुटलेला असतो. हेड मशीन शॉपमध्ये जातं, संध्याकाळी चकचकीत होऊन परत येतं, गाडी सुरू होते. काही आठवड्यांनी तेच गॅस्केट पुन्हा जातं. मग गॅस्केटच डुप्लिकेट निघालं असणार, असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात.

फेसिंगशी माझं वैर नाही. पण ते नेमकं काय करतं, हे एकदा नीट समजून घेऊ. हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण; त्याचा जो तळ खालच्या ब्लॉकवर बसतो, तो फेसिंगने सपाट होतो. बास, एवढंच. हेडचं बाकी काय झालंय, हे त्या मशीनला दिसत नाही. आणि तापलेल्या हेडमध्ये खरी भानगड बहुधा त्या ‘बाकी’तच असते.

मोटारींची हेडं आता सर्रास ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. खालचा ब्लॉक अनेक इंजिनांत बिडाचा असतो. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की हेडला पसरायचं असतं, पण बोल्टांनी ते जखडलेलं असतं. जागा न मिळाल्याने त्याची कमान होते, आणि थंड झाल्यावरही ती जात नाही. कमान होते ती संपूर्ण हेडची, नुसत्या तळाची नव्हे. कॅमशाफ्ट हेडमध्येच असेल, तर त्याच्या बेअरिंगांची रांगही वाकते. अशा वेळी तळ खरवडून सपाट केला, तरी वरची रांग वाकडीच राहते. त्या वाकड्या रांगेत सरळ कॅमशाफ्ट कोंबला की तो जड फिरतो, बेअरिंग खातो आणि कधीकधी मोडतो.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वॉल्व्ह, टॅपेट काढून नुसता कॅमशाफ्ट जागेवर ठेवायचा, कॅपचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळायचे आणि हाताने फिरवून बघायचं. अडला, तर फेसिंगने भागणार नाही. चांगले मशीनवाले असं हेड जाड प्लेटवर पातळ पट्ट्या ठेवून आवळतात, गरम करून आधी सरळ करतात आणि मग अगदी थोडं फेसिंग घेतात. हे काम सगळीकडे होत नाही. जिथे होत नाही, तिथे ‘त्याची गरजच नसते’ असं सांगितलं जातं, आणि माझी चिडचिड होते ती इथे.

‘पण थोडंसंच वाकलंय की!’ थोडंसं म्हणजे किती? जिप्सी आणि एस्टीम या गाड्यांमध्ये सुझुकीचं जी-१३ इंजिन होतं. त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हेडच्या तळाच्या वाकडेपणाची मर्यादा ०.०५ मिलिमीटर दिली आहे. त्याहून जास्त असेल तर सपाट प्लेटवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तळ घासायचा, आणि तरीही मर्यादेत आला नाही तर हेड बदलायचं. फोक्सवॅगन तर आपल्या १.९ लिटर टीडीआय डिझेलच्या मॅन्युअलमध्ये ०.१ मिलिमीटरची मर्यादा देऊन स्पष्ट सांगते, की डिझेलच्या हेडवर मशीनिंग करू नका. अर्धा मिलिमीटर ‘मारून’ आणल्याचं कौतुकाने सांगणाऱ्यांनी ही पानं जरूर वाचावीत.

डिझेलचाच एवढा बाऊ का? बऱ्याच डिझेल इंजिनांत हेडचा तळ सपाट असतो आणि पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या माथ्यात आणि वॉल्व्हमध्ये फारच थोडी जागा उरते. तळाचा थर काढला की वॉल्व्ह आणि इंजेक्टरचं टोक तेवढंच बाहेर डोकावतं. वॉल्व्हच्या सीट त्या प्रमाणात खोल केल्या नाहीत, तर वॉल्व्ह पिस्टनला शिवण्याचा धोका असतो. पेट्रोल इंजिन थोडं सहनशील असतं, पण तिथेही हेड खाली उतरल्याने कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं आणि टायमिंग मागे सरकतं. कॅमची पुली १०० मिलिमीटर व्यासाची धरली, तर अर्ध्या मिलिमीटरला क्रँकवर साधारण एका अंशाचा फरक पडतो. गाडी चालते, पण ‘पूर्वीसारखी ओढत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

शेवटची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. हेडचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू कारखान्यात ठरावीक तापमानाला बराच वेळ ठेवून मुद्दाम कणखर केलेला असतो. इंजिन भयंकर तापलं की ती कमाई निघून जाते आणि धातू मऊ पडतो. अशा हेडला कितीही सुंदर फेसिंग करा. बोल्ट आवळले की धातू दबतो आणि गॅस्केटवरची पकड सुटते. ज्यांच्याकडे हार्डनेस टेस्टर आहे, ते हे मिनिटभरात मोजून सांगतात.

आता दुसरी बाजू. मोठ्या वर्कशॉपमध्ये याच्या उलट तऱ्हा: हेडमध्ये जरा काही दिसलं की ‘नवीनच टाका’. खरं तर नुसती झीज हे हेड बदलण्याचं कारण क्वचितच असतं. वॉल्व्ह गाईड, वॉल्व्ह सीट, ऑइल सील हे भाग झिजणार हे धरूनच बनवलेले असतात, आणि बहुतेक हेडांत ते काढून नवे बसवता येतात. सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय आधी सील आणि गाईडवर घ्यावा; त्यासाठी अख्खं हेड फेकणं म्हणजे उधळपट्टी.

तड्याचंही तसंच. दोन वॉल्व्ह सीटच्या मधल्या बारीक भेगांबद्दल फोक्सवॅगनचीच मॅन्युअलं म्हणतात, की ठरावीक रुंदीपर्यंत हेड बिनदिक्कत वापरा. काही मॉडेलांना ०.३ मिलिमीटर, काहींना ०.५. भेग पाण्याच्या वाटेपर्यंत पोचली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते कळायला प्रेशर टेस्ट करतात: पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून हेडमध्ये हवा भरायची, ते गरम पाण्यात बुडवायचं आणि सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसे बुडबुडे बघायचे. पाणी गरमच हवं, कारण काही भेगा धातू तापल्यावरच उघडतात.

बिडाचं हेड कधी बिघडत नाही, हाही एक लाडका समज. शेतातल्या पंपसेटवरचं बिडाचं हेड सहजी वाकत नाही हे खरं, पण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ते तडकतं. बीड वेल्ड होतच नाही, हेही खोटं. निकेलचा रॉड, आधी तापवणं आणि सावकाश थंड होऊ देणं एवढी पथ्यं पाळली तर होतं. रेडिएटरमध्ये ओतायच्या ‘लीक बंद’ औषधाने जळकं गॅस्केट बरं होत नाही. वर रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबू शकतात. बोल्ट ‘अजून एक पिळा’ आवळून गळती थांबत नाही. कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून आणलेलं हेड स्वस्त पडतं, पण ते आधीच्या गाडीतून का उतरवलं होतं, ते कोणी सांगत नाही.

आणि थर्मोस्टॅट! ‘आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट काढून टाका’ या सल्ल्याने किती इंजिनं मेली असतील देव जाणे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन उशिरा तापतं आणि जास्त झिजतं. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट थर्मोस्टॅटच बंद करतो. तो काढला की पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच फिरत राहतो, आणि ज्या भीतीने थर्मोस्टॅट काढला तेच घडतं. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांच्या इंजिनात क्षार साचतात, तो आणखी वेगळा ताप. मुळात इंजिन का तापलं, हे शोधलं नाही तर नवं हेडही त्याच वाटेने जाणार.

राहिला हिशेब. तो फेसिंगच्या दराचा मांडू नका, पूर्ण कामाचा मांडा: सरळ करणं, फेसिंग, गाईड, सीट, वॉल्व्ह, सील, प्रेशर टेस्ट. ही बेरीज नव्या हेडच्या निम्म्याच्या आत असेल आणि कॅमची रांग सरळ असेल, तर मी दुरुस्ती करेन. दोन तृतीयांशांच्या पुढे गेली तर नवं घेईन. फक्त ते वॉल्व्हसकट मिळतंय की नुसतं ओतीव, हे आधी विचारेन, कारण दोन्हींच्या किमतींत मोठं अंतर असतं. मॉडेल बंद होऊन नवं हेड मिळेनासं झालं असेल, तर दुरुस्तीला जास्त पैसे मोजावे लागले तरी चालतील. निर्णय काहीही झाला तरी, मशीनवाल्याकडून बिलावर दोन आकडे लिहून घ्या: काम करण्याआधीची हेडची उंची आणि नंतरची. मोजलेलंच नसेल, तर तेही लगेच कळतं.