पहिल्याच भागात कोसळणारा नायक : ‘गनस्मोक’ची सुरुवात

10 सप्टेंबर 1955 रोजी, शनिवारी रात्री, अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ‘गनस्मोक’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. ‘मॅट गेट्स इट’ हे त्याचे नाव. त्याआधी छोट्या पडद्यावर अमेरिकी पश्चिमेच्या कथा, म्हणजे वेस्टर्न, नव्हत्या असे नाही. ‘द लोन रेंजर’ आणि ‘हॉपलाँग कॅसिडी’ 1949 पासून सुरू होत्या; पण त्या प्रामुख्याने मुलांसाठी होत्या. त्यांचा नायक चुकत नसे आणि हरतही नसे. प्रौढांसाठी वेस्टर्न लिहिण्याचा प्रयोग रेडिओवर आधीच रुजला होता. निर्माता नॉर्मन मॅकडॉनेल आणि लेखक जॉन मेस्टन यांची ‘गनस्मोक’ 1952 पासून रेडिओवर गाजत होती. तिथे मार्शल मॅट डिलनला विल्यम कॉनराड यांचा भारदस्त आवाज होता. पडद्यासाठी मात्र सहा फूट सात इंच उंचीचे जेम्स आर्नेस निवडले गेले. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, इटलीतील आन्झिओच्या लढाईत त्यांच्या उजव्या पायाला गंभीर जखम झाली होती आणि तिचा त्रास त्यांना पुढे आयुष्यभर राहिला.

पहिल्या भागाआधी जॉन वेन पडद्यावर आले आणि त्यांनी प्रेक्षकांना मालिकेची ओळख करून दिली. आर्नेस तेव्हा त्यांच्याच चित्रसंस्थेशी करारबद्ध होते. वेस्टर्नमधल्या सर्वांत मोठ्या ताऱ्याने एका नवख्या मार्शलच्या पाठीवर जाहीरपणे हात ठेवला, याचे त्या काळी मोठेच मोल होते.

भागाचे दिग्दर्शन चार्ल्स मार्क्विस वॉरन यांचे. कथेचा खलनायक डॅन ग्रॅट (पॉल रिचर्ड्स) पिस्तूल उपसण्यात विजेसारखा चपळ आहे. त्याला पकडायला आलेल्या टेक्सासच्या कायदारक्षकाला तो ठार करतो. मग डिलन त्याच्यासमोर उभा राहतो आणि गोळी लागून कोसळतो. मालिकेचा नायक पहिल्याच भागात जमिनीवर पडलेला दाखवण्याचे धाडस हेच या अर्ध्या तासाचे खरे बळ आहे. गोळीने माणूस मरतो, कायद्याच्या रक्षकालाही ती लागते, आणि जखम भरायला दिवस लागतात, हे एका प्रसंगात ठसते. डॉक अॅडम्स (मिलबर्न स्टोन) आणि लंगडत चालणारा चेस्टर (डेनिस वीव्हर) यांची काळजी तिथे प्रेक्षकाची काळजी होते.

या कथेचा पुढचा टप्पा खास बारकाईने पाहावा असा आहे. अंथरुणात पडलेला डिलन हात अधिक चपळ करण्यामागे लागत नाही. ग्रॅट कसा मारतो याचा तो विचार करतो. ग्रॅट प्रतिस्पर्ध्याच्या अगदी जवळ जाऊन गोळी झाडतो. त्याचे हात वेगवान असले तरी दूरवरचा नेम पक्का नाही. पुन्हा गाठ पडते तेव्हा डिलन त्याला जवळ येऊ देत नाही, अंतर राखतो. ग्रॅटची गोळी वाया जाते, डिलन नेम धरून झाडतो. जो आधी पिस्तूल उपसेल तो जिंकेल हे वेस्टर्नमधले ठरीव गणित इथे मोडले जाते, तेही भाषणाशिवाय, दोन माणसांमधल्या अंतरातून. पुढच्या अनेक भागांपेक्षा ही मांडणी अधिक चोख आहे.

कथेचे स्थळ कॅन्सस राज्यातील डॉज सिटी खरोखरचे आहे. 1872 साली सँटा फे रेल्वेबरोबर वसलेले हे गाव टेक्सासहून हाकून आणलेल्या गुरांचा बाजार झाले. 1885 मध्ये कॅन्ससने टेक्सासच्या गुरांना बंदी केल्यावर तो बाजार ओसरला. मॅट डिलन, डॉक, चेस्टर आणि मिस किटी (अमांडा ब्लेक) ही पात्रे मात्र सर्वस्वी काल्पनिक आहेत.

मालिकेची भरभराट लवकरच झाली. 1957 ते 1961 असे सलग चार हंगाम ती अमेरिकेतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. 1961 मध्ये भाग एक तासाचे झाले, 1966 पासून ते रंगीत आले. आर्नेस आणि स्टोन शेवटपर्यंत टिकले. 31 मार्च 1975 रोजी शेवटचा भाग दाखवला गेला तेव्हा एकूण भागांची संख्या 635 झाली होती. प्राइम टाइममध्ये, म्हणजे रात्रीच्या मुख्य वेळेत, दाखवल्या जाणाऱ्या पटकथाबद्ध अमेरिकी मालिकांमधला हा विक्रम 2018 साली ‘द सिम्पसन्स’ने मोडला.