विश्लेषण : ‘आयआर’मध्ये एमए केले की परराष्ट्र सेवा मिळते का?

पदवीनंतर ‘आयआर’ करायचे, असे म्हणणारे विद्यार्थी आता इंजिनीअरिंगच्या वर्गांतही भेटतात. अनेकांच्या डोक्यात गणित सोपे असते : आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एमए, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास. हे गणित दुसऱ्याच पायरीवर चुकते. दोन वर्षे आणि घरच्यांचे पैसे घालण्याआधी या पदवीतून नेमके काय मिळते, हे पाहायला हवे. त्यासाठी दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे (जेएनयू) उदाहरण सोयीचे आहे.

परराष्ट्र सेवेसाठी ही पदवी लागते का?

नाही. भारतीय परराष्ट्र सेवेतील थेट भरती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून होते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. एमए केल्याचे जादा गुण नाहीत, वयाची सवलतही नाही. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षे वयापर्यंत सहा संधी मिळतात. एमएची दोन वर्षे त्यातूनच जातात. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर जेएनयूत शिकले, तिथेच त्यांनी पीएच.डी. केली, हे सगळे सांगतात. पण १९७७ मध्ये ते सेवेत आले ते परीक्षा देऊनच.

अभ्यासाचा उपयोग मात्र होतो. मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे असतात आणि ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा त्यातला एक विषय आहे. तो घेण्यासाठी त्याच विषयातली पदवी असावी लागत नाही. उत्तरे मराठीतही लिहिता येतात. जेएनयूतले वाचन आणि लेखन मात्र बहुतांशी इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून गेलेल्यांचे पहिले सत्र बऱ्याचदा त्यातच जाते.

मग वर्गात शिकवतात काय?

बातम्या नव्हेत, हे आधी लक्षात घ्यावे. एक उदाहरण पाहू. युक्रेन युद्धापूर्वी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. युद्धानंतर तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला. वास्तववादी अभ्यासक म्हणेल, स्वस्त तेल हे राष्ट्रहित, त्यात नैतिकता शोधू नका. उदारमतवादी व्यापार, निर्बंध, विमा आणि बँका यांचे जाळे पाहील : पाश्चात्त्य देशांनी ही खरेदी पूर्ण का रोखली नाही, हा त्याचा प्रश्न. तिसरा विचारेल, सोव्हिएत काळापासूनच्या मैत्रीची आठवण आणि अलिप्ततेची सवय यांचा या निर्णयात किती हात आहे? तिघांची उत्तरे वेगळी येतात आणि विद्यार्थ्याला पुराव्यानिशी एक बाजू लिहून काढावी लागते. चॅनेलवरच्या चर्चेत नेमके हेच होत नाही. या जोडीला राजकीय विचार, भारताचे परराष्ट्र धोरण, आंतरराष्ट्रीय कायदा आणि संघटना, अर्थकारण असे विषय येतात.

जेएनयूचेच नाव का घेतले जाते?

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन सुरू झाले. भारतात १९५५ मध्ये दिल्लीत ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ स्थापन झाले आणि १९७० मध्ये ते जेएनयूत विलीन झाले. आजचे ‘स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ ते हेच. एमएचा प्रवेश २०२२ पासून ‘सीयूईटी-पीजी’तून होतो. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे एक. परीक्षा अलीकडे मार्चमध्ये होते, म्हणजे अर्ज पदवीच्या अंतिम वर्षातच भरावा लागतो. निकालाची वाट पाहत बसणाऱ्यांचे वर्ष इथेच वाया जाते.

पदवीच्या नावाने काय फरक पडतो?

हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जेएनयूची पदवी ‘पॉलिटिक्स’ या नावाची असून आंतरराष्ट्रीय अभ्यास हे तिचे विशेषीकरण आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत विभाग सहसा राज्यशास्त्राचा असतो, आयआरचा नाही. सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित किंवा संलग्न विषयाची पदवी लागते, त्यामुळे नुसत्या ‘ग्लोबल’ वगैरे नावाची पदवी घेतलेल्याला अर्ज करताना खुलासे करत बसावे लागू शकते. नेट परीक्षेतही राज्यशास्त्र वेगळे आणि ‘आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यास’ वेगळा. नेटसाठी एमएला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गांना ५०. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. याशिवाय संशोधन संस्था, पत्रकारिता, कंपन्यांसाठी देशनिहाय जोखमीचे विश्लेषण अशी कामे आहेत. जागा थोड्या, सुरुवातीचे पगार बेताचे आणि लिहिता येणाऱ्याला प्राधान्य.

परदेशी जावे की इथेच शिकावे?

ब्रिटनमध्ये हाच एमए एका वर्षात होतो, पण खर्च लाखांत. शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी शोधण्यासाठी दोन वर्षे मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळतील. शिष्यवृत्ती नसेल, तर या विषयासाठी मोठे कर्ज काढणे जोखमीचेच. चेव्हनिंग शिष्यवृत्ती खर्च उचलते, पण तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जेएनयूचे शुल्क तुलनेने नाममात्र आहे. तिथे खरा खर्च दिल्लीत राहण्याचा, वसतिगृह वेळेत मिळाले नाही तर. घराजवळच राहायचे असेल, तर मुंबई आणि पुणे विद्यापीठांत राज्यशास्त्राचे एमए आहे. पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. अर्ज भरण्यापूर्वी संकेतस्थळावरून चारही सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि त्यात संशोधनपद्धतीचा विषय आहे का, हे आधी पाहावे.