मोडकें आसन आणि तक्रारीचा कागद

प्रवासांत पदरचे पैसे मोजून गैरसोय सोसावी, सोसतांना चकार शब्द काढूं नये, आणि घरीं परतल्यावर मात्र तिचें वर्णन चार दिवस पंगतींत रंगवून सांगावें, हा आपल्या शिष्ट कुटुंबांचा जुना परिपाठ आहे. एस्. टी.च्या फाटक्या बाकाविषयीं तो होता, आगगाडीच्या मोडक्या फळीविषयीं होता, आणि आतां विमानाच्या खुर्चीविषयींहि तसाच चालू राहिला आहे. ‘जाऊं द्या, दोन तासांचा तर प्रश्न!’ हें वाक्य आपण इतक्या सहजतेनें उच्चारतों कीं, त्यांत समंजसपणा किती आणि भीड किती, हें आपलें आपल्यालाहि कळेनासें होतें. प्रस्तुत लेखकाच्या मतें त्यांत भीडच अधिक असते.

गडचांदुरासारख्या आडबाजूच्या गांवीं राहून विमानाच्या खुर्चीची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. परंतु येथील सिमेंटच्या कारखान्यांनीं त्या प्रश्नाचें उत्तर केव्हांच देऊन ठेवलें आहे. चुनखडीच्या खाणींभोंवतीं वसाहती झाल्या, वसाहतींतलीं मुलें शिकलीं, आणि शिकलेलीं मुलें पुण्यास, हैदराबादेस, कांहीं तर परदेशीं गेलीं. आतां सुनेच्या बाळंतपणासाठीं सासूबाई निघतात, नातवाच्या मुंजीसाठीं आजोबा निघतात. नागपूरचा विमानतळ येथून सुमारें दोनशें किलोमीटर. म्हणजे विमानांत पाऊल ठेवण्यापूर्वींच चार-पांच तासांचा रस्ता पाठीच्या कण्याला घडलेला असतो. अशा सत्तरीच्या माणसाच्या वांट्याला पाठ न टिकणारें आसन आलें, आणि पुढें समुद्रापलीकडचा चौदा तासांचा पल्ला असला, तर तो दोन तासांचा प्रश्न उरत नाहीं. उतरल्यावर पहिले आठ दिवस अंथरुणावर काढावे लागतात, आणि जिला मदत करावयास गेलों त्या ओल्या बाळंतिणीवरच आपला भार पडतो.

आमच्या नागपूरच्याच वाटेवरचें एक उदाहरण घ्या. २०२३ च्या नोव्हेंबरांत पुण्याहून नागपुरास येणाऱ्या इंडिगोच्या विमानांत एका भगिनीला आपल्या आसनावरची गादीच नाहींशी झालेली आढळली. उघड्या सांगाड्याचें छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरलें. कंपनीनें प्रथम सांगितलें कीं, गाद्या चिकटपट्टीवर बसविलेल्या असतात, त्या कधीं कधीं सुटतात आणि सेवकवर्गाच्या साह्यानें पुन्हा बसवितां येतात. मागाहून सांगण्यांत आलें कीं, स्वच्छतेसाठीं त्या बदलण्यांत आल्या होत्या. एका गादीला दोन खुलासे! पुढें २०२५ च्या फेब्रुवारींत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान हे भोपाळहून दिल्लीस एअर इंडियानें निघाले, तेव्हां त्यांना मिळालेली खुर्ची मोडून खचलेली होती. ही जागा विकूं नये असें व्यवस्थापकांना आधींच कळविलें होतें, असें उत्तर त्यांना विमानांतच मिळालें. सहप्रवाशांनीं आपली जागा देऊं केली, पण दुसऱ्यास त्रास नको म्हणून ते तसेच बसून राहिले व नंतर त्यांनीं जाहीर तक्रार केली. कंपनीनें क्षमा मागितली. मंत्र्याची तक्रार दिवसाच्या आंत पोंचते, हें ठीकच आहे. आपल्या आजोबांची कशी पोंचवावी, हा आपला विषय.

त्याकरितां खुर्ची बिघडते म्हणजे नेमकें काय होतें, हें थोडें समजून घ्यावें. साध्या वर्गांतील खुर्चीच्या हातावर जें बटण असतें, त्याची तार बैठकीखालच्या एका लहानशा नळकांड्याला जोडलेली असते. नळकांड्यांतील तेल पाठीला हव्या त्या कोनांत अडकवून धरतें. तेल गळलें कीं पाठ आपोआप मागें ढळते. तार तुटली कीं ती जागची हलत नाहीं. वरच्या वर्गाच्या खुर्च्या विजेच्या मोटारींवर चालतात; त्या अडल्या तर वीज एकदां बंद करून पुन्हा चालू केल्यानें पुष्कळदां ताळ्यावर येतात, आणि सेविकेला तेवढें करावयास सांगण्यांत कांहींच गैर नाहीं. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं पाठ सरळ उभी ठेवावी लागते, ती मागच्या माणसाची बाहेर पडण्याची वाट अडूं नये म्हणून. तेव्हां पाठ न टिकणारी किंवा पट्टा न लागणारी खुर्ची ही केवळ गैरसोय नव्हे, तो धोका आहे. अशी जागा दुरुस्त होईपर्यंत बंद करून रिकामी ठेवावयाची, अशीच विमानव्यवसायांतली रीत आहे. उलट, संकटकाळच्या दारापुढील आणि अगदीं शेवटच्या रांगेंतील कित्येक खुर्च्यांची पाठ मुळांतच कलत नाहीं. तेथें बसून आरडाओरड केली तर तक्रारकर्त्याचेंच हंसें होतें.

तक्रार कशी असावी, याचा उत्तम नमुना एका मालकानेंच घालून दिला आहे. जे. आर. डी. टाटा हे एअर इंडियाचे अध्यक्ष असतां स्वतः उतारू म्हणून हिंडत आणि परतल्यावर टिपणें लिहीत. कांहीं खुर्च्या अधिक कलतात, कांहीं कमी, तरी त्या अधिक कलतील अशा करून घ्याव्या, असें त्यांनीं एकदां लिहिलें होतें. विमानांतला चहा रंगानें कॉफीहून ओळखूं येत नाहीं, हेंहि त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. त्या टिपणांत आदळआपट नव्हती. काय बिघडलें आणि काय करावें, एवढेंच होतें.

कशी नसावी, याचाहि नमुना दुर्दैवानें आपल्याच महाराष्ट्रानें पुरविला. २३ मार्च २०१७ रोजीं उस्मानाबादचे तेव्हांचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीस गेले. त्यांच्यापाशीं वरच्या वर्गाचें तिकीट होतें. विमानांत तो वर्गच नव्हता. तक्रारीला जागा होती, नाहीं असें नाहीं. परंतु दिल्लीस उतरल्यावर त्यांनीं एका वयोवृद्ध अधिकाऱ्याला चपलेनें मारलें आणि तें वार्ताहरांना स्वतःच सांगितलें. विमान कंपन्यांनीं त्यांस सुमारें पंधरा दिवस दारें बंद केलीं. मूळ प्रश्न आसनाचा होता, याची मग कोणाला आठवणहि राहिली नाहीं.

आतां खरा बोधप्रद निकाल सांगतों. राजुऱ्याकडचा हा आमचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्यामुळें हैदराबादची गोष्ट म्हणजे आम्हांला शेजारघरची. २०२३ च्या मे महिन्यांत तेथील पोलीस अधिकारी रवी गुप्ता, जे पुढें तेलंगणाचे पोलीस महासंचालक झाले, ते सपत्नीक सिंगापूरमार्गें ऑस्ट्रेलियास निघाले. सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेस वर्गाला त्यांनीं माणशीं ६६,७५० रुपये भरले होते. बटण दाबून कलणाऱ्या त्या खुर्च्या कलल्याच नाहींत आणि रात्र जागून काढावी लागली. कंपनीनें प्रत्येकास १०,००० ‘मैल’, म्हणजे पुढल्या प्रवासांत वापरावयाचे गुण, देऊं केले. ते त्यांनीं नाकारले. पाठ हातानें मागें करतां येत होती, असा कंपनीचा बचाव होता. २०२४ च्या एप्रिलांत तेथील जिल्हा ग्राहक आयोगानें तो मानला नाहीं. प्रत्येकास ४८,७५० रुपये १२ टक्के व्याजानें परत, आणि शारीरिक व मानसिक त्रासाबद्दल १ लाख, असा हुकूम झाला.

यांतील ४८,७५० हा आंकडा आपण नीट पाहावा. साध्या वर्गाचें भाडें १८,००० धरून तें ६६,७५० मधून वजा केलें कीं हाच आंकडा येतो. म्हणजे खुर्ची साध्या वर्गासारखी मिळाली, तर दाम साध्या वर्गाचेंच. हा हिशेब आपल्या घरांतील किराण्याच्या वहीइतका सरळ आहे, आणि तक्रार तशीच हिशेबी असावी. नागपूर-मुंबईच्या दीड तासाच्या प्रवासांत बटण चाललें नाहीं म्हणून कोणी लाखाची मागणी करूं नये. जागा निवडण्याबद्दल निराळे पैसे भरले असतील, तर तेवढे मागावे आणि पत्र लिहून थांबावें. मात्र वरच्या वर्गाचें तिकीट असतां मोडक्या खुर्चीवरून उठवून खालच्या वर्गांत बसविलें, तर गोष्ट निराळी. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणें देशांतील प्रवासांत करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम, आणि परदेशच्या प्रवासांत अंतराच्या मानानें ३० ते ७५ टक्के, परत मिळावयास हवी.

‘तो पोलीस अधिकारी, आमचें कोण ऐकणार?’ ही शंका ऐकूं येतेच. तिला कायद्याचें उत्तर आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायत स्थापिली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. आणि २०१९ च्या नव्या कायद्यानें आमच्यासारख्यांची मोठी सोय केली. पूर्वीं कंपनीची कचेरी जेथें असेल किंवा प्रकार जेथें घडला तेथें दाद मागावी लागे. आतां तक्रारदार जेथें राहतो तेथेंच मागतां येते. म्हणजे बिघाड सिंगापुरावरच्या आकाशांत झाला, तरी गडचांदूरच्या माणसाला चंद्रपूरचा जिल्हा आयोग पुरे. तिकिटाची किंमत पांच लाखांच्या आंत असल्यास फी एक पैसाहि नाहीं. वकील करावाच लागतो असेंहि नाहीं.

पण हें सर्व विमानांत काय केलें त्यावर उभें राहतें. खुर्ची बिघडलेली दिसतांच, दारें लागण्यापूर्वीं, सेविकेला सांगावें. तिनें दुसरी जागा दिली तर आभार मानून बसावें. न दिल्यास, बिघाडाची नोंद करावयास सांगावें आणि वेळ व जागेचा क्रमांक आपणहि टिपून ठेवावा. आपल्या वडीलमंडळींना हें अवघड जातें. हवाई सुंदरी मुलीच्या वयाची, ती धांवपळीत, तिला कशाला त्रास द्या! पण खुर्ची तिनें मोडलेली नसते, आणि नोंद झाली तर पुढच्या उतारूच्या आधीं ती दुरुस्त होण्याचा संभव तिच्याच लेखणीनें वाढतो. खचलेल्या बैठकीचें, न हलणाऱ्या पाठीचें चित्र मोबाइलवर घ्यावें; माणसांचीं चित्रें घेऊं नयेत.

घरीं आल्यावर आठ दिवसांच्या आंत कंपनीला पत्र जावें. या कामीं एकत्र कुटुंबाचा फार उपयोग होतो. आजोबांनीं मजकूर सांगावा, कारण त्यांची भाषा कचेरींत घांसलेली असते. सुनेनें किंवा नातवानें तो टंकित करावा. आणि आजीनें मधून मधून ‘एवढें लांबण नको’ म्हणावें. दिनांक, विमानाचा व जागेचा क्रमांक, काय बिघडलें, कोणाला सांगितलें, काय उत्तर मिळालें, आणि किती रुपये परत हवेत, इतकें एका पानांत मावतें. ‘आपल्या कंपनीला लाज वाटावयास हवी’ हें वाक्य प्रत्येक मसुद्यांत येऊं पाहतें, तें खोडावें. उत्तर न आल्यास किंवा नुसत्या दिलगिरीवर बोळवण झाल्यास कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या ‘एअरसेवा’कडे किंवा १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे जावें. त्यानेंहि भागलें नाहीं तर चंद्रपूर आहेच. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची. तोंवर तिकीट, बोर्डिंग पास आणि पत्रव्यवहाराच्या प्रती विजेच्या बिलांच्या पिशवींत नव्हे, निराळ्या पाकिटांत, वर तारीख घालून ठेवाव्या.