ट्रान्सफरच्या अफवा आणि आजोबांचा पासपोर्ट

साखळीकर फुटबॉलवेड्यांनो, अमेरिकेचा कुठला पोरगा युरोपात जाणार, ही चर्चा सध्या जोरात आहे. अफवा ओळखायची खूण सांगतो: आधी वय बघा! 'फिफा'च्या नियमानुसार 18 वर्षांखालच्या खेळाडूला सहसा परदेशी क्लबात जाता येत नाही. युरोपीय संघातल्या देशांत आपापसांत मात्र 16 पासून मुभा आहे. अमेरिकेचा ख्रिश्चन पुलिसिक 2015 मध्ये, 16 व्या वर्षी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबकडून खेळू शकला तो आजोबांमुळे मिळालेल्या क्रोएशियन, म्हणजे युरोपीय संघातल्या देशाच्या, पासपोर्टमुळे.

गोव्यातही डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. पण ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि भारताची जर्सीही! पोरांनो, निर्णय विचार करून घ्या.